कॉयसाठी हलकं काडतूस

आमच्या खोर्‍यात रानटर्कीचा हंगाम एप्रिलच्या तिसर्‍या सोमवारी सुरू होतो. त्याआधी महिनाभर माणसं आपापल्या बंदुका घेऊन कॉय लेडबेटरच्या कुरणात जमायची. कुरणाच्या टोकाला कॉयनं दोन खांब रोवून तपकिरी कागद ताणलेला असायचा. त्यावर तो कोळशानं टर्कीची मान आणि डोकं काढायचा. चित्रकला यथातथाच. त्याची बायको नेल्डा म्हणायची, "हा पक्षी आहे होय? मला वाटलं मोज्यात भोपळा घातलाय."

चाळीस पावलांवरून बार काढायचा आणि मग सगळ्यांनी कागदापाशी जाऊन भोकं बघायची. टर्कीला अंगावर मारत नाहीत. छर्रा पिसांत अडकतो, पक्षी जखमी होऊन रानात शिरतो आणि कुठंतरी कुढत मरतो. मारायचं ते मानेवर आणि डोक्यावर, म्हणजे मुठीएवढ्या जागेत. त्यासाठी नळीच्या तोंडाला चोक बसवतात. चोक म्हणजे बोटभर लांबीचा, आट्यांचा, आतून निमुळता तुकडा. त्यातून छर्र्यांचा झोत आवळून बाहेर पडतो. नवख्याला वाटतं, जितका चोक घट्ट तितकं बरं. तसं नसतं. फार आवळलं की छर्रे उधळतात आणि कागदावर मधोमध टक्कल पडतं. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन बंदुकांतसुद्धा एकीला पाच नंबरचा छर्रा मानवतो, दुसरीला सहा नंबरचा. आकडा वाढला की दाणा बारीक. कॉय म्हणायचा, "बंदुकीलाच विचारा. काडतुसाच्या खोक्यावर काय छापलंय ते म्हातारपणी वाचायला ठेवा."

मी हॉयट, ओढ्यापलीकडचा शेजारी. कॉय आरागिरणीत ओंडके फिरवायचा, मी शाळेच्या गाड्या दुरुस्त करायचो. तिशीपासून प्रत्येक वसंतात आम्ही एकत्र शिकारीला गेलो. तो दरवाजाएवढा माणूस. बारा बोअरचं सगळ्यात दांडगं काडतूस उडवून, आत्ता कुणी खांद्यावर हात ठेवला का, अशा चेहर्‍यानं मागं बघायचा.

नेल्डाला बंदुकीशी काही देणंघेणं नव्हतं. त्या दिवसांत ती अळंबी शोधत रानात फिरायची आणि आम्ही रिकाम्या हातानं परतलो की टोपली पुढं करायची. "निदान ही तरी पळून जात नाहीत," म्हणायची.

त्या वर्षी ऑक्टोबरात लाकडं फोडताना कॉयचा उजवा खांदा भरून आला. त्यानं मलम चोळलं, मग घोड्याचं मलम चोळलं, मग एक दिवस नेल्डानं त्याला गाडीत घालून जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. मूत्रपिंडात गाठ होती आणि तिथून ती हाडात उतरली होती. खांद्याचं हाड आतून पोखरलं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण सरळ बोलणार्‍या. त्या म्हणाल्या, "वाळवी लागलेली तुळई असते ना, तसं समजा. वरून धड दिसतं. दणका बसेल असं काही करू नका."

कॉयनं विचारलं, "किती दणका?"

"म्हणजे?"

"म्हणजे बंदूक."

बाईंनी थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं. म्हणाल्या, "नकोच. आणि थोडा चालेल का म्हणाल, तर कितीला मोडेल ते मी सांगू शकत नाही. खरंच माहीत नाही मला."

घरी आल्यावर कॉयनं आपली बारा बोअर पुसली, तेल दिलं आणि कपाटात उभी करून ठेवली. हे नेल्डानं मला पुढं सांगितलं. म्हणाली, "रडला असता तर बरं झालं असतं. कपाटाचं दार इतकं हळू लावलं, की पाळण्यात मूल झोपलंय जणू."

हिवाळाभर खांद्यावर किरणांचे उपचार झाले. दुखणं कमी झालं, वजन मात्र भराभर उतरलं. फेब्रुवारीत बर्फ वितळत असताना नेल्डा एका सकाळी ओढा ओलांडून माझ्याकडे आली. बूट चिखलानं माखलेले.

"हॉयट, मला बंदूक चालवायला शिकव."

"तुला? कशाला?"

"त्याचा हा शेवटचा हंगाम. मला बघायचंय की अशी एखादी बंदूक आहे का, जी पक्षी मारते पण माणसाला मारत नाही."

"ते कॉय कागदावर ठरवेल ना."

"कागदावर ठरवायला पंधरा-वीस बार काढावे लागतात. त्याच्या खांद्यात एकच बार आहे. असलाच तर. तो कागदावर घालवू देऊ?" ती थांबली. "बाकीचे माझ्या खांद्यावर घेते. माझा धडधाकट आहे."

मी म्हणालो, "मी काढतो की बार. कागद तू बघ."

"तू अस्वल आहेस. तुला काय कळणार दणका?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. नेल्डा सत्तरीला टेकलेली, चिमणीएवढी बाई. कॉयचं अंगही एव्हाना तिच्याच मापाला येऊ लागलं होतं. हे ती बोलली नाही, पण माझ्या ध्यानात आलं.

माझ्या गोठ्यामागं आम्ही कागद लावला. दुपारी कॉय औषधानं झोपला की ती यायची. बार त्याला ऐकू जायचेच, पण मी नवी बंदूक घेतली असल्याची थाप मारून ठेवली होती. पहिल्यांदा बारा बोअरमध्येच हलकी काडतुसं घालून बघितली. पहिल्या बाराला ती मागं कोलमडली ती थेट गवताच्या गंजीत. टोपी एकीकडे, चष्मा एकीकडे.

"हे तुम्ही हौसेनं करता?" गंजीतूनच तिनं विचारलं.

मग तिच्याहून बारीक नळीची वीस बोअर आणली. तिच्यात शिशाचे सहा नंबरचे छर्रे घातले. दणका बेताचा, पण कागदावर कोळशाच्या मानेच्या आजूबाजूलाच भोकं, मानेवर दोनतीन. चोक बदलला, थोडं सुधारलं. दुसरा अजून घट्ट लावला, तर पुन्हा बिघडलं. मग मी टंगस्टनची काडतुसं मागवली. टंगस्टन शिशापेक्षा जड. त्यामुळं मोहरीएवढा नऊ नंबरचा दाणासुद्धा हाडात शिरतो, आणि एका काडतुसात दाणे मावतात ढिगानं. तो बार मात्र बघण्यासारखा झाला. चाळीस पावलांवर कागदावरचं डोकं नुसतं चाळणी. मी धावत जाऊन कागद फाडून आणला आणि तिच्यापुढं धरला.

"बघ! हेच. यापुढं शोधायचं कारणच नाही."

नेल्डानं बंदूक खाली ठेवली होती आणि ती खांबाला टेकून उभी होती. ओठ पांढरे पडलेले.

"कागद बघू नकोस हॉयट," ती म्हणाली. "माझ्याकडे बघ. हे त्याला नको."

असं तिचं माप. कागदावर कितीही सुरेख उमटलं, तरी खांदा नाही म्हणाला की ते काडतूस बाद. तरी एका बारावर ती कधी ठरवायची नाही. दोनदा, तीनदा काढून बघायची. मी कळवळून म्हणायचो, आता पुरे. ती म्हणायची, "एखाद्या वेळी मीच नीट धरली नसेल. घाल अजून एक."

शेवटी मी माझ्या भाचीकडून चारशेदहा आणली. पोरीबाळींना शिकवायची बंदूक, नळी अंगठ्याएवढी. पूर्वी हिनं टर्की मारतो म्हटलं असतं तर माणसं हसली असती. पण टंगस्टननं तिलाही दिवस आले. नऊ नंबरचे दाणे घालून नेल्डानं बार काढला आणि वळून माझ्याकडे बघितलं.

"उडाली का?"

"उडाली."

"मला वाटलं, नाही उडाली." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

मग चोकचं काम उरलं. सगळ्यात घट्ट चोकनं कागदावर टक्कल पडलं. बंदुकीसोबत आलेला होता तो फारच सैल, छर्रे आडवेतिडवे पांगायचे. त्या दोन्हींच्या मधला एक मिळाला. त्यानं डोकं आणि मान अशी सारखी भरून काढली, की बोट ठेवायला जागा नाही. मात्र हे तीस पावलांपर्यंतच. त्यापुढं ही बंदूक म्हणजे शिट्टी.

"तीसच्या आत येईल का पक्षी?" तिनं विचारलं.

"कॉय बोलावेल तर येईल," मी म्हणालो.

मार्चमधल्या एका रविवारी चर्चहून मी त्यांच्याकडेच जेवायला गेलो. नेल्डानं मक्याचा पाव भाजलेला बिडाचा जड तवा भट्टीतून काढला आणि टेबलाशी येता येता तिच्या हातून तो सुटला. पाव जमिनीवर, तवा दाणकन त्याच्या शेजारी.

"काय झालं?" कॉय म्हणाला.

"सांधे. म्हातारी झालेय."

"उजव्याच हाताचे?"

ती पाव गोळा करू लागली. कॉय उठला. त्यानं डाव्या हातानं तिच्या झग्याची गळपट्टी थोडी बाजूला केली. मी खिडकीबाहेर बघू लागलो, पण त्याआधी मला दिसलं होतं. गळ्याच्या हाडापासून दंडापर्यंत कातडी काळीनिळी, कडेला जुनी होऊन पिवळी पडलेली, मधे पुन्हा ताजी.



"म्हणजे हॉयटच्या गोठ्यामागं तू होतीस," कॉय म्हणाला.

"हो."

"इतके दिवस."

"तुझ्यासाठी योग्य ते सापडायला वेळ लागला."

"नेल्डा, मी तुला सांगितलं होतं का?"

"नाही. तू सांगितलं नाहीस. तू कपाट लावलंस." तिचा आवाज चिरला. "मला ते बघवलं नाही."

कॉय फ्रीझरकडे गेला, गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी काढली आणि तिच्या खांद्यावर धरून उभा राहिला. पानात घेवडा गार झाला तरी तो बसला नाही. मी आपला खाली मान घालून जेवलो. निघताना त्यानं मला दारापाशी गाठलं.

"तू तिला करू दिलंस."

"तिला कोण अडवणार? तुला कधी जमलंय?"

"नाही," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "कोणता चोक लागला?"

हंगामाचा सोमवार उजाडला तेव्हा आम्ही तिघं टेकडीच्या सोंडेवर होतो. कॉयला ओकच्या बुंध्याशी पाठ टेकवून बसवलं, गुडघ्यावर उशी ठेवली, बंदुकीला टेकू दिला. मी दहाएक पावलं मागं. नेल्डा त्याच्या शेजारी. उजेड फुटता फुटता खालच्या झाडावरून नराची आरोळी आली. कॉयनं टाळूला लावलेल्या पातळ पडद्याच्या शिट्टीनं मादीचा आवाज काढला, अगदी हळू, झोपेतून उठल्यासारखा. नर झाडावरून उतरला. पिसारा फुलवून, पंख घासत तो चढण चढून आला आणि एका पडलेल्या ओंडक्यापलीकडे उभा राहिला. पंचेचाळीस पावलं, इकडे नाही तिकडे नाही. लालनिळं डोकं उन्हात चमकत होतं. तिथं तो किती वेळ नाचला. कॉयनं त्याला विनवलं, रुसून दाखवलं, गप्प बसून बघितलं. पक्षी ओंडका ओलांडेना. शेवटी पिसारा मिटून तो आला तसा उतरून गेला.

कॉयनं घोड्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

मी न राहवून म्हणालो, "बारा बोअर असती तर..."

"बारा बोअर असती तर खांदाही असता," कॉय म्हणाला. "लांब होता, हॉयट. जाऊ दे. उद्या येईल."

दुसर्‍या दिवशी पाऊस लागला, तिसर्‍या दिवशीही. चौथ्या दिवशी आकाश निवळलं. पहाटे तो गाडीत बसला आणि त्यानं दार ओढून घेतलं. एवढंच. नेल्डा म्हणते, वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. दंडाचं हाड खांद्याखाली तुटलं होतं.

इस्पितळात हाडात सळई घातली. मी भेटायला गेलो तेव्हा नेल्डा बाहेरच्या बाकावर बसली होती, हात मांडीवर उलटे ठेवून.

"मी दणके मोजत बसले," ती म्हणाली. "एकेक काडतूस. आणि गाडीच्या दारानं, हॉयट. दारानं मोडलं."

मी तिच्या शेजारी बसून राहिलो.

आत कॉय गादीवर टेकून बसला होता. औषधानं डोळे जड झालेले. मला बघून म्हणाला, "ती काय म्हणते?"

"दाराचं."

"तिला सांग, दाराला चोक बसत नाही." आणि हसायला गेला तो कळ येऊन थांबला.

घरी आल्यावर त्यानं शिकारीचा विषय काढला. मी तिथंच होतो. हंगामाचे थोडेच दिवस उरले होते.

"नेल्डा, तू चल. मी बोलावतो, तू मार."

"नाही."

"परवाना काढ."

"मी कागदावर मारलंय, कॉय. जिवावर नाही. मला ते जमणार नाही, आणि मला नकोच आहे."

"ठीक आहे," तो म्हणाला. गळ्यात बांधलेला हात जरा सावरला. मग म्हणाला, "मला एवढंच बघायचं होतं की तू काय निवडलंस. दुसर्‍या कुणाच्या हातून नको बघायला. ज्या खांद्यानं निवडलं, त्याच खांद्याकडून बघायचं होतं."

ती उठून बाहेर गेली. धुणं वाळत होतं ते न वाळताच काढलं, पुन्हा घातलं. संध्याकाळी तिनं गावातून परवाना आणला.

शेवटच्या शनिवारी आम्ही त्याला शेताच्या गाडीवरून रानाच्या कडेपर्यंत नेलं. डॉगवूडची पांढरी फुलं गळायला लागली होती. नेल्डा बुंध्याला टेकून बसली, कॉय तिच्या डाव्या अंगाला, हात गळ्यात बांधलेला, अंगावर गोधडी. आरोळी लांबून आली. कॉयचा आवाज त्या दिवशी बारीक होता, मधेच धाप लागायची. पण कदाचित त्यामुळंच ती मादी खरी वाटली असेल. नर मुकाट चालत आला. ओरडला नाही, नाचला नाही. एकदम झुडपाआडून डोकं वर आलं.

"अजून नाही," कॉय कुजबुजला.

नेल्डानं गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकवला.

"येऊ दे. येऊ दे त्याला. मान सरळ झाली की."

पक्ष्यानं मान वर केली. बार झाला. त्या बंदुकीचा आवाज तो केवढा, रानात मावळूनही गेला. नर जागच्या जागी कोसळला, दोनदा पंख आपटले आणि निवला.

नेल्डानं बंदूक गवतात ठेवली आणि तोंड पदरात झाकावं तसं कॉयच्या गोधडीत झाकलं. खांदे हलत होते. कॉयनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी पक्षी उचलून आणला आणि त्याच्या पायाशी ठेवला. त्यानं डाव्या हातानं मान चाचपली, अंगठ्यानं भोकं शोधली. अंगावर एकही छर्रा नव्हता. मग गरम पिसांवरून हात फिरवत तो कितीतरी वेळ बसला. त्याच्या चेहर्‍यावर आनंद होता असं मला म्हणता येणार नाही. त्याच्याकडे बघवत नव्हतं, एवढं खरं.

"खांद्याला लागलं?" त्यानं विचारलं.

गोधडीतून तिनं मान हलवली. "कळलंसुद्धा नाही."

"मग बरोबर निवडलंस."

जूनमध्ये त्याला उठणं होईना. जुलैच्या मध्यावर, भर दुपारी, खिडकी उघडी असताना तो गेला. नेल्डा त्याच्या पायांना तेल लावत होती. तिला कळलं ते पाय गार लागले तेव्हा.

त्यानंतर नेल्डानं बंदूक हातात धरली नाही. चारशेदहा तिनं पुसून माझ्या भाचीला परत केली. बारा बोअर कपाटात आहे की नाही, मी विचारलं नाही. पुढच्या मार्चमध्ये दोघंतिघं सवयीनं बंदुका घेऊन कुरणाच्या फाटकाशी आले. ती बाहेर आली, त्यांना कॉफी दिली आणि म्हणाली, "लावा कागद, मला काही त्रास नाही." पण ते कॉफी पिऊन गेले. कागद कुणी लावला नाही.

हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती टल्सा शहरात लेकीकडे निघून गेली. दरवर्षी जाते आता. अळंबीचेही तेच दिवस, पण ती थांबत नाही. तिचं घर सोंडेखालीच आहे आणि पहाटे तिथं नरांच्या आरोळ्या, बार, सगळं ऐकू येतं. मधे एकदा तिचा फोन आला. कोंबड्यांना दाणे टाकलेस का, पाइप गळतोय का, असं सगळं विचारून झालं.

"ओरडतात का रे अजून?"

"ओरडतात."

"किती?"

"सोंडेवर दोन तरी आहेत."

मग ती म्हणाली, लेक जेवायला बोलावतेय, आणि फोन ठेवला.